डिसेंबरातले घोडे

जपानमध्ये दर डिसेंबरात होणाऱ्या अरिमा किनेन या घोड्यांच्या शर्यतीच्या विजेत्यांची यादी उघडली की माझी नजर दोन ओळींवर अडते. १९९०, ओगुरी कॅप, २ मिनिटं ३४.२ सेकंद. त्याखाली १९९१, दाइयुसाकू, २ मिनिटं ३०.६ सेकंद. रेसकोर्स तेच, अंतर तेच २५०० मीटर, महिनाही तोच. दाइयुसाकूने या शर्यतीचा तेव्हाचा विक्रम मोडला होता. ही वेळ प्रमाण धरली तर आदल्या वर्षीचा ओगुरी त्याच्या वीसेक घोड्यांच्या लांबीएवढा मागे राहिला असता. तरी घोड्यांशी ज्यांचा काडीचा संबंध नाही अशा जपानी माणसांनाही ओगुरी कॅप हे नाव माहीत असतं. दाइयुसाकूचं नाव निघतं ते बहुतेक बेटिंगमध्ये त्याच्यावर मिळालेल्या भावामुळे. पंधरा घोड्यांत त्याची पसंती चौदावी होती, आणि त्याच्यावर शंभर येन लावणाऱ्याच्या हातात १३,७९० येन आले.

या यादीतला वेळेचा रकाना सगळ्यात कमी बोलतो, असं माझं मत होत गेलं आहे. डर्बीची यादी असती तर असं म्हटलं नसतं. तिथे त्या वर्षीचे तीन वर्षांचे घोडे एकमेकांशी भिडतात आणि जो पहिला येतो तो त्या पिढीचा राजा, प्रश्न मिटला. अरिमा किनेनचं तसं नाही. तिथे कोण धावणार हे मुळात लोक ठरवतात.

ही कल्पना योरियासु अरिमा यांची. कुरुमेच्या जुन्या सरदार घराण्यातला हा माणूस. युद्धापूर्वी कृषिमंत्री होता, बेसबॉलचा संघ चालवत होता, आणि युद्धानंतर जपान रेसिंग असोसिएशनचा दुसरा अध्यक्ष झाला. टोकियोजवळच्या नाकायामा रेसकोर्सवर डर्बीच्या तोडीची एखादी शर्यत हवी, असं त्यांच्या मनात होतं. बेसबॉलच्या ऑल-स्टार सामन्यात प्रेक्षक मतं देऊन खेळाडू निवडतात, मग घोडे का निवडू नयेत, असा त्यांचा साधा विचार. २३ डिसेंबर १९५६ ला पहिली शर्यत झाली. तेव्हा तिचं नाव नाकायामा ग्रां प्री होतं. मेइजी हिकारी नावाचा घोडा जिंकला. त्यानंतर तीनच आठवड्यांत, ९ जानेवारी १९५७ ला, अरिमा वारले. आपली शर्यत त्यांनी एकदाच पाहिली. दुसऱ्या वर्षीपासून तिला त्यांचं नाव लागलं.

मतदान आजही होतं. प्रत्येकाला दहा घोड्यांपर्यंत नावं देता येतात. पूर्वी पोस्टकार्डं पाठवावी लागत, आता फोनवर दोन मिनिटांत काम होतं. सर्वाधिक मतं मिळालेल्या पहिल्या दहांना शर्यतीत अग्रहक्काने जागा. मालकाने नको म्हटलं तर अर्थात घोडा येत नाही, पण लोकांनी बोलावलेल्या घोड्याला घरी ठेवणं मालकालाही सोपं नसतं. या एका तरतुदीने शर्यतीचा स्वभावच बदलला. घोडा सध्या फॉर्मात आहे की नाही याच्याइतकाच, त्याला आणखी एकदा पाहायचं आहे का, हाही प्रश्न मत देणाऱ्याच्या मनात असतो. आणि शर्यत वर्षाच्या शेवटी असल्यामुळे कितीतरी मोठे घोडे इथेच शेवटचं धावतात, मग पैदाशीसाठी होक्काइदोला जातात. म्हणून या यादीतली बरीच नावं निरोपाची आहेत.

टोकियोतल्या निशी-कासाईत राहणाऱ्या मराठी माणसाला नाकायामा लांब नाही. तोझाई लाइनने निशी-फुनाबाशीला उतरायचं, तिथून बस. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत त्या बसमध्ये सगळ्या वयाची माणसं असतात. कानामागे लाल पेन्सिल खोचून रेसिंगचा पेपर वाचणारे आजोबा, बॅगेला कापडी घोडा लटकवलेल्या कॉलेजच्या मुली, तान्हं मूल छातीशी बांधलेला बाप. शर्यतीआधी बँडची धून सुरू झाली की हजारो लोक हातातल्या पेपरची सुरळी करून ठेका धरतात. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

नाकायामाची आखणीही या शर्यतीला साथ देणारी आहे. २५०० मीटर म्हणजे घोडे स्टँडसमोरून दोनदा जातात. पहिल्यांदा येतात तेव्हा शर्यत अजून लागलेली नसते, जॉकी लगाम आवरून बसलेले असतात, आणि तरीही लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, काही जण नुसतेच हात हलवतात. पालखी सोहळ्यातलं रिंगण ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही गर्दी लगेच ओळखीची वाटेल. माउलींचा अश्व धावतो तेव्हा तो कुणाच्या पुढे गेला हे कुणी मोजत नाही. तो समोरून गेला, त्याच्या टापांची माती कपाळाला लागली, एवढ्याने माणसं भरून पावतात. नाकायामातल्या पहिल्या फेरीत मला तेच दिसतं. दुसऱ्या फेरीत मात्र शर्यत असते. सहा वळणं घेऊन झालेली असतात, शेवटची सरळ धाव जेमतेम ३१० मीटर, आणि तिच्यातच उभा चढ. थकलेला घोडा त्या चढावर उघडा पडतो.

ओगुरी कॅप त्या चढावर उघडा पडेल असंच १९९० मध्ये बहुतेकांना वाटत होतं.

त्याची कथा जपानला पाठ आहे, पण मराठीत ती कुणी सांगितलेली मी वाचली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९८५ मध्ये होक्काइदोतल्या एका लहान स्टड फार्मवर राखाडी रंगाचं शिंगरू जन्मलं. बाप फारसा नावाजलेला नव्हता. शिंगराचा पुढचा उजवा पाय बाहेर वळलेला होता, आणि आई दूध पाजायला फारशी तयार नसे. अशा घोड्याला मोठ्या रेसकोर्सवर कोण घेणार? तो गिफू प्रांतातल्या कासामात्सुला गेला. हे नगरपालिकांच्या पातळीवरचं छोटं रेसकोर्स, मातीचा ट्रॅक, बेताची बक्षिसं. तिथे बारा शर्यतींत त्याने दहा जिंकल्या. १९८८ च्या जानेवारीत त्याला राष्ट्रीय रेसिंगमध्ये आणलं आणि तिथेही तो जिंकत सुटला. डर्बीत मात्र त्याला धावता आलं नाही, कारण त्या शर्यतींसाठी लहानपणीच नाव नोंदवावं लागे, आणि कासामात्सुच्या घोड्यासाठी ते कुणी केलं नव्हतं. खेड्यातून आलेला, दार बंद असलेला, तरी दारापाशी उभा राहून सगळ्यांना हरवणारा घोडा. तेव्हाच्या जपानमध्ये गाव सोडून टोकियो-ओसाकात आलेली लाखो माणसं होती. त्यांना हा घोडा आपला वाटला यात नवल नाही. त्याच वर्षीच्या अरिमा किनेनमध्ये त्याने तामामो क्रॉसला हरवलं. तोही राखाडी, आणि ती त्याची शेवटची शर्यत होती.

त्यानंतरचं १९८९ चं वर्ष मला वाचवत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या शेवटापर्यंत ओगुरी सहा शर्यती धावला. नोव्हेंबरात एका रविवारी क्योतोला माइल चॅम्पियनशिप, नाकभर अंतराने जिंकली. पुढच्या रविवारी टोकियोला जपान कप, २४०० मीटर, जगभरातून आलेल्या घोड्यांबरोबर. त्यात तो न्यूझीलंडच्या हॉर्लिक्स या घोडीपेक्षा मानेएवढा मागे राहिला. दोघांचीही वेळ २ मिनिटं २२.२ सेकंद, त्या अंतराचा तेव्हाचा जागतिक विक्रम. लोकांनी डोक्यावर घेतलं. पण कुठल्याही पागेतल्या माणसाला विचारा, एवढ्या जवळजवळच्या तारखांना असा घोडा कुणी पळवत नाही. तो नव्या मालकाने मोठी रक्कम मोजून घेतलेला होता, आणि ती रक्कम त्याच्या पायांतून वसूल व्हायची होती. त्या डिसेंबरात अरिमा किनेनमध्ये तो पाचवा आला.

१९९० च्या शरद ऋतूत तो संपल्यासारखाच झाला. तेन्नो शो या मोठ्या शर्यतीत सहावा. जपान कपमध्ये अकरावा. आता याला पळवू नका, असं लोक उघडपणे म्हणू लागले. रेसिंग असोसिएशनकडे धमकीचं पत्रही गेलं. तरी मतदान झालं तेव्हा १,४६,७३८ मतांनी पहिला कोण, तर ओगुरी कॅपच. लोकांना तो जिंकेल असं वाटत नव्हतं. बेटिंगमध्ये त्याची पसंती चौथी होती. म्हणजे त्याच माणसांनी एका हाताने मत दिलं आणि दुसऱ्या हाताने पैसे दुसऱ्यावर लावले. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. मत हे बोलावणं होतं.

२३ डिसेंबर १९९०. नाकायामात १,७७,७७९ माणसं. तो आकडा तिथे पुन्हा कधी गाठला गेला नाही. आदल्या वर्षअखेरीला टोकियोचा शेअर बाजार ३८,९१५ वर बंद झाला होता आणि या एका वर्षात तो जवळपास चाळीस टक्के कोसळला होता. त्या गर्दीतल्या अनेकांच्या घरात ती घसरण पोचली असणार. ओगुरीवर युताका ताके, वय २१. शर्यत फार संथ झाली. ती २ मिनिटं ३४.२ सेकंदांची वेळ त्यामुळेच. शेवटच्या वळणावर राखाडी घोडा बाहेरून पुढे सरकला आणि चढावर पुढेच राहिला. आतून व्हाइट स्टोन, बाहेरून मेजिरो रायन झपाट्याने येत होते. टीव्हीवर समालोचकांबरोबर बसलेल्या ज्येष्ठ तज्ज्ञाने उत्तेजनेत "रायन!" अशी हाक मारली, ती आजही चित्रफितीत ऐकू येते. रायन पोचला नाही. ओगुरी जिंकला.

मग ती गर्दी ताल धरून "ओगुरी, ओगुरी" म्हणू लागली. जपानी गर्दी, जी एरवी रेल्वेच्या फलाटावर खाकरतानाही संकोचते, एका घोड्याचं नाव एका सुरात घेत होती. आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी तेव्हा विद्यार्थी होते आणि कठड्यापाशी उभे होते. त्यांच्या टेबलावर आजही कापडी ओगुरी आहे, रंग उडालेला. एरवी फार मोजकं बोलणारे हे गृहस्थ त्या दिवसाबद्दल बोलू लागले की जेवणाची सुट्टी कधी संपते कळत नाही. अरिमा किनेन मला त्यांनीच दाखवलं.

तीन वर्षांनी तोकाई तेइओ. मला स्वतःला हा विजय ओगुरीच्या विजयाहून मोठा वाटतो, आणि याबद्दल त्या सहकाऱ्यांशी माझं कधीच एकमत होणार नाही. तेइओ हा सिम्बोली रुदोल्फचा मुलगा. रुदोल्फ १९८४ आणि १९८५ असा दोनदा या यादीत आहे, सात मोठ्या शर्यती जिंकलेला, एकही न हरता तिहेरी मुकुट, म्हणजे तीन वर्षांच्या घोड्यांच्या तीन मोठ्या शर्यती, मिळवणारा पहिला जपानी घोडा. मुलगा बापासारखाच देखणा, पण पाय काचेचे. डर्बी जिंकली आणि हाड मोडलं. बरा झाला, पुन्हा मोडलं. पुन्हा बरा झाला, १९९२ चा जपान कप जिंकला, अरिमा किनेनमध्ये अकरावा आला, आणि मग तिसऱ्यांदा मोडलं. त्यानंतर तो थेट १९९३ च्या अरिमा किनेनमध्ये उतरला. मधे एकही शर्यत नाही. ३६४ दिवस. समोर बिवा हायाहिदे, त्या वर्षीचा सर्वांत भरवशाचा घोडा. शेवटच्या चढावर तेइओने त्याला गाठलं आणि अर्ध्या लांबीने मागे टाकलं. जॉकी सेइकी ताबारा मुलाखत देताना रडत होता.

ही चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल सांगता येणार नाही. दर वेळी मी त्या घोड्याच्या पायांकडे पाहतो, निकाल माहीत असूनही.

कारण पाय मोडलेल्या घोड्याचं काय होतं ते याच यादीतल्या आणखी एका नावाने जपानला दाखवलं आहे. १९७७ चा विजेता टेन पॉइंट. त्या वर्षीच्या शर्यतीत तो आणि तोशो बॉय सुरुवातीपासूनच एकमेकांना सोडेनात. एक पुढे, मग दुसरा पुढे, बाकीचे सहा जण जणू वेगळ्याच शर्यतीत. तोशो बॉयवर कुनिहिको ताके होता, म्हणजे पुढे ओगुरीला जिंकवून देणाऱ्या युताकाचा बाप. आदल्या वर्षी याच तोशो बॉयवर त्याने अरिमा किनेन जिंकलं होतं. १९७७ ला टेन पॉइंट पाऊण लांबीने सरस ठरला. जपानी रेसिंगमधली सर्वोत्तम शर्यत कोणती, असं जुन्या माणसांना विचारलं तर बरेच जण हीच सांगतात.

महिन्याभराने, २२ जानेवारी १९७८ ला, टेन पॉइंट क्योतोला धावला. तो परदेशी जाणार होता, जाण्याआधी आपल्या भागातल्या चाहत्यांना एकदा दिसावा म्हणून ही शर्यत. पाठीवर ६६.५ किलो वजन. जिंकणाऱ्या घोड्यावर जास्त भार टाकून शर्यत बरोबरीची करण्याची ती पद्धत. बर्फ पडत होतं. शेवटच्या वळणाजवळ त्याचा मागचा डावा पाय मोडला. अशा वेळी घोड्याला वेदनेतून तिथेच सोडवतात, कारण पाचशे किलोंचं शरीर तीन पायांवर फार काळ टिकत नाही. पण देशभरातून लोकांचे फोन येऊ लागले, त्याला वाचवा म्हणून. तेहतीस पशुवैद्यांचं पथक उभं राहिलं, शस्त्रक्रिया झाली. टेन पॉइंट ४३ दिवस जगला. वजन घटत घटत तो हाडांचा सापळा झाला, आणि ५ मार्चला गेला.

त्याला पाहायची इच्छा प्रेमाची होती. त्याला वाचवायची इच्छाही प्रेमाचीच होती. त्या घोड्याला दोन्हींतून त्रासच झाला, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण ते लिहिल्याशिवाय या यादीबद्दल बोलणं मला खोटं वाटेल. मत देऊन बोलावणाऱ्यांची जबाबदारी मतपेटीशी संपत नाही.

बाकीच्या काही ओळी भराभर सांगतो, नाहीतर हा लेख संपायचा नाही. १९९९ : ग्रास वंडर आणि स्पेशल वीक यांच्यात चार सेंटिमीटरचं अंतर. स्पेशल वीकवरच्या युताका ताकेला आपणच जिंकलो असं वाटलं, त्याने विजयाची फेरीही मारली, आणि फोटो आल्यावर निकाल उलटा लागला. २००० : टी एम ओपेरा ओ चहूबाजूंनी घेरला गेला होता, शेवटच्या चढापर्यंत वाट मिळत नव्हती, आणि मिळाली तेव्हा नाकभर पुढे जाऊन जिंकला. त्या वर्षी तो आठ शर्यती धावला आणि आठही जिंकला. २००१ : मॅनहॅटन कॅफे पहिला, अमेरिकन बॉस दुसरा. न्यूयॉर्कच्या हल्ल्याला जेमतेम तीन महिने झाले होते, अमेरिकन बॉस सगळ्यांत शेवटच्या पसंतीचा होता, आणि फलकावर ती दोन नावं एकाखाली एक आली. अरिमा किनेन त्या वर्षाची बातमी सांगतं, अशी इथे जुनी समजूत आहे. तिच्यावर विश्वास ठेवण्याची गरज नाही, पण तो फलक पाहिलेली माणसं त्याबद्दल अजूनही आवाज खाली आणून बोलतात.

२००५ ला डीप इम्पॅक्ट, तोपर्यंत अजिंक्य, हार्ट्स क्रायकडून हरला. जपानमध्ये तो एवढ्याच वेळी हरला. पुढच्या वर्षी तो निरोपाच्या शर्यतीसाठी परत आला आणि तीन लांब्यांनी जिंकला. २०१३ ला ओर्फेव्हर आठ लांब्यांनी. घोड्यांचा निरोप असा साजरा व्हावा, असं मला त्या दिवसाची चित्रं पाहून वाटतं.

घोड्यांबद्दल झालं, आता घोड्यांवरच्या माणसांचं. युताका ताके या यादीत चार वेळा आहे : १९९० ओगुरी कॅप, २००६ डीप इम्पॅक्ट, २०१७ कितासान ब्लॅक, २०२३ डू ड्यूस. पहिल्या वेळी एकवीस वर्षांचा, चौथ्या वेळी चोपन्न वर्षांचा. २०२३ च्या ऑक्टोबरात एका घोड्याने लाथ मारून त्याची मांडी जखमी केली होती. तो डू ड्यूसच्या दोन शर्यतींना मुकला आणि अरिमा किनेनला परतला. दुसरा धागा कात्सुमी आंदोचा. हा कासामात्सुचा जॉकी, तिथे ओगुरीवर बसलेला. ओगुरी मोठ्या रेसिंगमध्ये गेला तेव्हा आंदो मागे राहिला, कारण दोन्हींचे परवाने वेगळे. पुढे वयाच्या चाळिशीनंतर तोही तिकडे आला. २००८ ला त्याने दाइवा स्कार्लेट या घोडीवर अरिमा किनेन जिंकलं, पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत आघाडी न सोडता. घोडीने ही शर्यत जिंकण्याची ती सदतीस वर्षांतली पहिलीच वेळ, १९७१ च्या तोमेईनंतरची. कासामात्सुत आता ओगुरीचा पुतळा आहे. आंदोचा पुतळा नसला तरी त्या गावाची दोन माणसं, एक दोन पायांची आणि एक चार पायांची, या यादीत आहेत, हे मला आवडतं.

यादीतलं एक नाव थेट आपल्या देशात येऊन थांबतं. १९५७ चा विजेता हाकुचिकारा, म्हणजे अरिमांचं नाव लागल्यानंतरचा पहिलाच. तो १९५६ ची डर्बीही जिंकलेला. १९५८ मध्ये त्याला अमेरिकेला नेलं. तिथे तो शर्यतीमागून शर्यत हरला, आणि १९५९ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताला वॉशिंग्टन्स बर्थडे हँडिकॅप जिंकला. हरणाऱ्यांत राउंड टेबल हा तेव्हाचा अमेरिकेतला अव्वल घोडा होता. हाकुचिकाराच्या पाठीवर त्याच्यापेक्षा पुष्कळ कमी वजन होतं आणि राउंड टेबल धावताना दुखावला होता, हे खरं. तरी युद्ध हरून चौदा वर्षं झालेल्या देशाचा घोडा अमेरिकेत मोठी शर्यत जिंकला, ही बातमी तेव्हा टोकियोत कशी पोचली असेल याची कल्पना करता येते. १९६८ मध्ये जपानने हा घोडा भारताला भेट दिला. १९७९ मध्ये तो भारतातच गेला. डर्बी आणि अरिमा किनेन जिंकलेला घोडा आपल्या मातीत अकरा वर्षं चरला, हे मला जपानमध्ये येऊन कळलं.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, पण तो जुगारच ना शेवटी?" आहे, आई. १९९६ च्या एका अरिमा किनेनवर सुमारे ८,७५० कोटी येन लागले होते, तो विक्रम आहे. या पैशावरच हे सगळं उभं आहे, हे मी नाकारत नाही. मी दोनशे येनचं तिकीट काढतो, ज्याच्यावर घोड्याच्या नावाबरोबर "गाम्बारे", म्हणजे जोर लाव, असं छापून येतं. घोडा जिंकला तरी ते तिकीट वटवायला न जाणारे पुष्कळ जण इथे आहेत, मीही त्यांतलाच. तरी आईचा प्रश्न माझ्याकडून पूर्ण सुटलेला नाही. जपानमध्ये वर्षाला थरोब्रेड या शर्यतीच्या जातीची सात हजारांहून जास्त शिंगरं जन्मतात. त्यांतली यादीत येणारी एक. पैदाशीच्या कामाची थोडी. बाकीच्यांचं म्हातारपण कोण पोसतं? १९८६ चा केंटकी डर्बी विजेता फर्डिनांड जपानला पैदाशीसाठी आणला होता, आणि २००२ मध्ये त्याचा शेवट कत्तलखान्यात झाला. ही बातमी बाहेर आली तेव्हा अमेरिकेत संतापाची लाट उसळली, आणि लाज इथेही वाटली.

म्हणून मला यादीत नसलेल्या एका घोड्याबद्दल बोलावंसं वाटतं. नाइस नेचर. अरिमा किनेनमध्ये १९९१ ला तिसरा, १९९२ ला तिसरा, १९९३ लाही तिसरा. ज्या दिवशी दाइयुसाकूने विक्रम केला त्या दिवशी तो तिसरा, ज्या दिवशी तेइओ परतला त्या दिवशीही तिसरा. लोकांनी त्याला त्यासाठीच जीव लावला. म्हातारपणी तो निवृत्त घोड्यांची काळजी घेणाऱ्या एका संस्थेचा चेहरा झाला. दर एप्रिलला त्याच्या वाढदिवशी लोक देणगी देत. २०२१ मध्ये एका मोबाइल गेममुळे नवी पिढी या घोड्यांच्या नादाला लागली आणि देणग्या कुठल्या कुठे गेल्या. २०२३ च्या त्याच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला सात कोटी येनांहून जास्त रक्कम जमली. त्याच वर्षी ३० मे ला तो गेला. त्या पैशावर इतर घोडे चरत आहेत, आणि त्याच्या नावाने देणगी गोळा करणं थांबलेलं नाही. मीही दर वर्षी देतो. अरिमा किनेनला मत देण्याचा तो माझ्यापुरता दुसरा अर्धा भाग आहे.

२०२४ ला डू ड्यूसला ४,७८,४१५ मतं मिळाली. एवढी मतं तोपर्यंत कुठल्याच घोड्याला मिळाली नव्हती. त्या शरद ऋतूत तो तेन्नो शो आणि जपान कप जिंकून आला होता, अरिमा किनेन ही त्याची शेवटची शर्यत ठरली होती, आणि पाठीवर पुन्हा युताका ताके. शर्यतीला दोन दिवस उरले असताना पुढचा उजवा पाय किंचित लंगडतो आहे असं दिसलं, आणि त्याला मागे घेतलं. लाखो लोकांचं बोलावणं होतं, निरोपाची सगळी तयारी होती, तिकिटं घेतलेली होती. मी त्या संध्याकाळी फोनवर लोकांचे निरोप वाचत बसलो होतो. हळहळ होतीच. पण त्याहून जास्त वेळा दिसलं ते एकच : बरं झालं, पाय शाबूत घेऊन जाऊ दे त्याला. टेन पॉइंटचं नावही काहींनी घेतलं.

२२ डिसेंबरला शर्यत झाली, त्याच्याशिवाय. रेगालेइरा नावाची तीन वर्षांची घोडी नाकभर अंतराने जिंकली. तिच्या वयाच्या घोडीने हे याआधी केलं होतं ते १९६० मध्ये, स्टार रॉचने. शर्यतीनंतर तिच्याही पायात हाडाचा तुकडा सुटलेला सापडला. तिला होक्काइदोला विश्रांतीला पाठवलं. घाई केली नाही. ती पुढच्या जूनमध्ये परत आली, पहिल्या शर्यतीत मागे पडली, आणि शरद ऋतू येता येता पुन्हा जिंकू लागली.